जोयाचा डबा

नायलानं सणाच्या फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून पलंगावर झटकले. लाल अंड्याच्या टरफलाचा एक तुकडा पडला, चुरगळलेला हातरुमाल पडला, मिरवणुकीतल्या मेणबत्तीचं थोडं मेण पडलं. चॉकलेटचा कागद काही पडला नाही. मग तिनं उशीचा अभ्रा काढला, गादीची कड उचलून खाली हात घातला, दप्तर उपडं केलं. शेवटी पोरीच्या बुटांत बोटं घालून चाचपलं, तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. पण हात थांबले नाहीत.

नऊ वर्षांची जोया दारात उभी राहून हे बघत होती. अंगात रात्रीचेच कपडे होते, केस विस्कटलेले होते.

"काय शोधतेस?"

"काय शोधतेय ते तुला चांगलं माहितीये."

"मी काही खाल्लं नाही."

"दोनशे अडुसष्ट, जोया. सकाळी, उपाशी पोटी. आणि काल संध्याकाळी तीनशे बत्तीस. हे आकडे काय आभाळातून पडले?"

 जोयाचा पाच वर्षांचा भाऊ इल्यास तिच्या कुशीखालून आत डोकावला आणि आईनं उधळलेला पसारा बघून खूश झाला.

"ती नाही खात. मी खातो," तो म्हणाला. "मी न्हाणीत जाऊन..." एवढ्यावर त्याची जीभ अडखळली.

न्हाणीत कपडे धुवायच्या मशीनमागे सोनेरी कागदाच्या पाच गोळ्या निघाल्या. पाचही आपल्याच, असं इल्यासनं छाती पुढे काढून सांगितलं. खोटं बोलताना तो नेहमी जमिनीकडे बघायचा आणि आता तर थेट आईकडे बघत होता. तरीही नायलाचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. बहिणीला पाठीशी घालतोय, असंच तिला वाटलं.

जोयाला मधुमेह निघाला तो नोव्हेंबरात. तेव्हापासून नायलानं घरातली साखर बंद केली होती. मुरांबा गेला, हलवा गेला, इल्यासची बिस्किटं शेजारणीकडे गेली. ताई खात नाही तर तिच्यासमोर कोणीच खायचं नाही, असा नियम झाला आणि त्या दिवसापासून तो पोरगा चोरून खायला शिकला. नायलाचा नवरा फारेस दोहात नोकरीला होता. नाताळला दहा दिवस येऊन गेला, तेव्हा पोरीला सुई टोचायची वेळ आली की तो गच्चीत जाऊन सिगारेट ओढायचा. बाकी सगळं नायलाच्या एकटीच्या डोक्यावर होतं. डॉक्टरांच्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, मुलीला स्वतःचं स्वतः करू द्या. म्हणून रोज सकाळी नायला डबे भरायची आणि जोया बोटाला टोचून आतल्या खोलीतून साखरेचा आकडा ओरडून सांगायची. एकशे तीस. एकशे पंचेचाळीस. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास असा छान पार पडला होता. म्हणून तर सण जवळ आला तशी नायलाची झोप उडाली, आणि शनिवारपासून टोचायचं काम तिनं पुन्हा आपल्या हातात घेतलं.

काल, ईस्टरच्या दिवशी, गावात सहा घरी जावं लागलं. दार उघडलं की "प्रभू उठला!" आणि आपण "खरोखर उठला!" म्हणेस्तोवर चांदीचं तबक नाकापुढे येतं. त्यात चॉकलेटची अंडी, साखर लावलेले बदाम, पिठीसाखरेत लोळवलेले मामूल, म्हणजे सारण भरलेली रव्याची बिस्किटं. नको म्हणणं म्हणजे त्या घराला नाव ठेवणं. नायला प्रत्येक दारात तबकाच्या आणि पोरीच्या मध्ये उभी राहिली. जोया हात मागे बांधून "नको, आभारी आहे" म्हणत राहिली, आणि बायका म्हणत राहिल्या, काय गुणाची पोर! शेवटच्या घरी नणंद जिजीला राहवलं नाही.

"एका बदामानं काय होतंय गं? वर्षातनं एकदा सण येतो."

"जिजी, नको म्हटलं ना."

"बघा बाई," जिजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "येशू उठला, पण आमच्या वहिनीचा उपासाचा शुक्रवार काही संपत नाही."

सगळे हसले. नायलाही हसली, पण ते बोलणं तिला झोंबलं. आणि एवढं डोळ्यांत तेल घालून राखण करूनही घरी येऊन टोचलं तर तीनशे बत्तीस.

"जिजीनं दिलं ना?" तिनं आता विचारलं. "खरं सांग, मी रागावणार नाही."

"रागावलीच आहेस."

"जोया!"

"कोणी नाही दिलं. मी साखरेचं काही खाल्लं नाही. मरियामाऊलीची शपथ."

"मरियामाऊलीला मध्ये आणू नकोस, खोटारडे!"

शब्द तोंडातून गेला तो गेला. जोयाचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. नायलाला तिथंच थांबता आलं असतं. पण रात्रभर न झोपलेलं माणूस थांबत नाही.

"रविवारी आजोळी मीनाला तू येणार नाहीस. इल्यासला घेऊन मी एकटी जाईन."

मीना बंदर हे नायलाचं माहेर. सासरची माणसं मारोनी पंथाची ख्रिस्ती आणि माहेरची ऑर्थोडॉक्स, दोन्ही पंथांची सणाची तारीख वेगळी, त्यामुळे सासरचा ईस्टर कालच झाला होता आणि माहेरचा पुढच्या रविवारी होता. दुसरा सण, दुसरी तबकं. पण जोयाला त्या तबकांचं काही पडलेलं नव्हतं. आजोळच्या अंगणात अकरा मामेभावंडं जमून अंड्यावर अंडं आपटत, ज्याचं फुटेल त्याचं अंडं दुसऱ्याचं होई. त्यासाठी ती दोन आठवडे कच्ची अंडी दातांवर हळूच वाजवून बघत होती. आवाजावरून टणक अंडं ओळखता येतं, हे तिला तिच्या मामानं शिकवलं होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि पलंगावरचा फ्रॉक उचलून घडी घालायला लागली. ती रडली असती तर नायलाला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. नायला एका दंतवैद्याच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा देण्याचं काम करायची. दिवसभर पोरं खालच्या मजल्यावर आजीकडे, म्हणजे नायलाच्या सासूकडे असत; आजीला पोरं तेता म्हणायची. दुपारी एकला नायला धावत येऊन जोयाला इन्सुलिन देऊन, जेवायला बसवून परत जायची आणि चारला घरी यायची. मंगळवारी चार वाजता तीनशे एक. बुधवारी दोनशे नव्वद. तिनं औषध वाढवलं, डॉक्टरांना फोन केला, डॉक्टर म्हणाले, पोर काहीतरी खातेय, शोधून काढा.

"सणच आहे, नायला," फारेस फोनवर म्हणाला. "लहान आहे ती. किती बांधून ठेवशील?"

"तू ये आणि सोडून दाखव," नायला म्हणाली आणि फोन ठेवला.

जिजी रोज दुपारी आईकडे कॉफीला येते, हे तिला माहीत होतं. म्हणून गुरुवारी ती दवाखान्यातून तीनलाच निघाली. नणंदेला रंगेहाथ पकडायचं, एवढंच डोक्यात होतं. काय बोलायचं तेही तिनं वाटेतच जुळवून ठेवलं. बरेच दिवस मनात साठलेलं त्यात आपोआप येऊन बसलं.

खालच्या मजल्याचं दार उघडंच होतं. आतून तूप आणि नारिंगीच्या फुलांच्या पाण्याचा वास येत होता. जिजी नव्हती. स्वयंपाकघरात तेता वर्दे बाह्या सारून, रव्याचा गोळा लाकडी साच्यात दाबून, साचा टेबलाच्या कडेवर आपटून मामूल पाडत होती. समोर जोया खजुराच्या गोळ्या वळत होती. इल्यास टेबलाखाली होता.

"आलीस? बरं झालं," तेता म्हणाली. "रविवारी तुझ्या आईकडे रिकाम्या हातानं जाशील की काय? उलट तीच म्हणायची, मारोन्यांच्या घरात पोर दिली, एक मामूलसुद्धा येत नाही."

"काकू, एवढी दगदग कशाला?" नायला सासूला काकू म्हणायची, तिकडे तशीच पद्धत. तिची नजर टेबलावर फिरत होती. अक्रोडाच्या ताटात पिठीसाखर भुरभुरलेली होती. जोयाची बोटं मात्र स्वच्छ होती.

"बघू नकोस अशी," तेता हसली. "तुझ्या लेकीनं त्या ताटाला हातसुद्धा लावला नाही. तिचं वेगळं आहे. दाखव गं, दाखव तुझा डबा."

जोया हलली नाही. म्हणून तेतानंच पुसलेल्या हातानं फडताळातून एक निळा पत्र्याचा डबा काढला. झाकणाला गुलाबी फीत बांधली होती.

"सगळ्या गावाची पोरं खाणार आणि माझ्याच पोरीनं तोंड बघत बसायचं? माझ्या जिवाला नाही पटलं. म्हटलं, वर्दे, डोकं चालव. अक्रोडाच्याला साखर लागते, पिस्त्याच्याला लागते. खजुराच्याला कुठं लागते? वर भुरभुरायचीही नाही. कणकेतसुद्धा मी साखरेचा कण घातला नाही. नुसता खजूर, देवानं दिला तसा. रविवारपासून खाते बिचारी, रोजचे चार-पाच. मी बसवून खायला घालते, आपण होऊन मागायची नाही ती."

नायलानं डब्यात पाहिलं. तळाशी सहा उरले होते.

"आणि मी काय नवस केलाय ठाऊक आहे?" तेता आवाज खाली आणून म्हणाली. "नोव्हेंबरपासून माझ्या कॉफीत साखर नाही. ही खाईल तेव्हाच मी खाईन. जोया, तुझ्या आधी मी जाऊ दे, तुझ्याच हातून माती मिळू दे गं मला, माझी बाय." आणि तिनं पिठाळ हातांनी जोयाचं डोकं जवळ घेऊन मुका घेतला.

वाटेत जुळवलेलं सगळं भांडण नायलानं तिथंच सोडून दिलं. तिनं जोयाकडे पाहिलं. जोया खजुराची गोळी वळत होती, कधीच गोल झालेली गोळी पुन्हा पुन्हा वळत होती.

"जोया, वर चल जरा."

दोघी वरच्या मजल्यावर आल्या. दार लावल्यावर नायला पादत्राणांच्या कपाटावरच टेकली.

"तुला माहीत होतं?"

"सोमवारी नव्हतं. तेता म्हणाली साखर नाही, तर मला वाटलं नाहीच आहे."

"मग कधी कळलं?"

"मंगळवारी. मी खायच्या आधी टोचलं आणि नंतर टोचलं."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी तुला काय काय बोलले! रविवारचं जाणं बंद केलं तुझं. जिजीशी मी आज भांडणार होते, कळतंय का तुला? एक शब्द बोलली असतीस तर..."

"तेता रडली असती," जोया म्हणाली. "ती रडली की तिला दम लागतो."

"आणि मी ओरडले ते चाललं?"

जोयानं खांदे उडवले. "तू तर रोज ओरडतेस."

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. बाहेर ऊन आहे असं सांगावं, तसं सांगितलं. नायलाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आधी खात्री करायची सवय लागली होती. मंगळवारचे ते दोन आकडे बघावेत म्हणून तिनं जोयाच्या पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि मागचं बघायचं बटण दाबत गेली. मंगळवार सापडला. आधी दोनशे अकरा, नंतर तीनशे सव्वीस. पोर खरं बोलत होती. पण बोट बटणावर होतंच, ते आणखी मागं गेलं. सोमवार, रविवार, शनिवार. आणि मग सणाच्या आधीचे दिवस, ती डबे भरत असतानाच्या सकाळी. दोनशे चाळीस. दोनशे त्र्याहत्तर. दोनशे अठ्ठावन्न.

यंत्रात कुठंही एकशे तीस नव्हते. एकशे पंचेचाळीसही नव्हते.

"हे काय आहे, जोया?"

जोया भिंतीला टेकली.

"तेव्हा तर सण नव्हता. डबा नव्हता. उपासात तू मला रोज सकाळी..."  त्या खोट्या आकड्यांवर नायलानं महिनाभर कमी औषध दिलं होतं. आपल्या हातानं, आनंदानं. "का केलंस असं?"

"मोठा आकडा आला की तू न्हाणीत जाऊन नळ सोडतेस," जोया म्हणाली. "आम्हाला ऐकू येतं. इल्यासलापण."

नायला बसल्या जागी बसून राहिली. खाली साचा टेबलावर आपटल्याचा आवाज झाला, थोड्या वेळानं परत झाला. चॉकलेटं, बदाम, जिजी, सहा घरची तबकं, सगळ्यांशी ती आठवडाभर लढली होती. आणि पोर हिच्यापासूनच लपत होती, तेही हिला जपायला म्हणून. कुठल्या आईला हे ऐकवेल?

"तेताला सांगायला पाहिजे," ती म्हणाली.

"तू सांगू नकोस. तू ओरडशील."

"नाही ओरडणार."

"ती रडेल."

"रडू दे. रडल्यानं माणूस मरत नाही, जोया. तुझं दुखणं जास्त वाईट आहे."

जोयानं थोडा विचार केला आणि यंत्राची पिशवी खांद्याला लावली.

तेता तोवर दुसरं ताट भट्टीत सरकवून, खुर्चीवर टेकून वारा घेत होती. नायलानं शेजारची खुर्ची ओढली, तिचे पिठाळ हात हातात घेतले आणि सांगितलं. खजूरही साखरच असतो, काकू. रवाही अंगात जाऊन साखर होतो. तुम्ही चुकलात असं नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. मीच सांगायला हवं होतं. मी तुमच्याशी दुखण्याबद्दल बोललेच नाही, नुसतं हे नको आणि ते नको केलं.

"पण खजूर तर..." तेता म्हणाली. "येशूच्या वाटेवर अंथरली ती खजुराचीच झावळी. आजाऱ्याला आम्ही तोच देतो." मग तिला अर्थ लागला. ती डब्याकडे बघत राहिली. "रविवारपासून. मी बसवून खायला घातलं तिला."

"काकू..."

"ती नको म्हणत होती, नायला. परवापासून नको म्हणत होती. मी म्हटलं, माझ्यासाठी खा."

आणि म्हातारी रडायला लागली. मोठ्यानं, तोंड न झाकता, नातवंडांसमोर. तिला खरोखरच दम लागला. नायलानं तिची पाठ चोळली, पाण्याचा पेला तोंडाशी लावला, आणि ते करता करता तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती उठली नाही. उठून जायला जागा होती, न्हाणी दोन पावलांवर होती, पण ती तिथंच बसून रडली. इल्यास टेबलाखालून बाहेर आला आणि आजीच्या मांडीवर चढून बसला. जोया मात्र दारातच उभी होती. एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघत होती. ती पळून जाईल असं नायलाला वाटलं.

हळूहळू तेताचा श्वास ठिकाणावर आला. तिनं ॲप्रनच्या टोकानं नाक पुसलं आणि भट्टीकडे बघून म्हणाली, "जळतील ते. कोणीतरी काढा गं."

नायलानं ताट काढलं. घड्याळात चार वाजले होते.

"जोया, ये. वेळ झाली."

जोया टेबलापाशी आली. पिशवी उघडली, पट्टी यंत्रात घातली, बोट पुसलं, टोचलं. रक्ताचा थेंब पट्टीला लावून ती थांबली. नायला समोरच्या बाजूला होती, तिला यंत्राची पाठ तेवढी दिसत होती. यंत्र वाजलं. जोयानं आकडा वाचला आणि मान वर केली. समोर आईचे डोळे लाल होते, आजीचे गाल अजून ओले होते. ती दोघींकडे बघत राहिली. एवढा वेळ लागायला आकडा काही लांबलचक नसतो.

"किती गं?" तेतानं भीत भीत विचारलं.

जोयानं पुन्हा यंत्राकडे पाहिलं.

"तीनशे अठ्ठावन्न."

आठवड्यातला हा सगळ्यात मोठा आकडा होता. तेतानं छातीवर क्रूसाची खूण केली. नायलाची भीती चेहऱ्यावर उमटलीच असणार, कारण जोयानं घाईघाईनं यंत्र फिरवून तिच्यापुढे धरलं.

"बघ. खरंच तेवढाच आहे. बघ ना."

"तू सांगितलंस ना," नायला म्हणाली. यंत्राकडे न बघताच तिनं इन्सुलिनचं पेन उचललं आणि तेवढ्या आकड्याची मात्रा लावायला घेतली.